अण्णा, तो डबा अस्सल होता

आधी शुभाताईंचं नाव घेतो, अण्णा. तुमचं मागून. तुमच्यावर लिहायला बसलोय आणि सुरुवात त्या बाईपासून करतोय हे तुम्हाला चालणार नाही, ठाऊक आहे मला. पण आता तुम्ही उठून माझ्या हातातलं पेन काढून घेऊ शकत नाही. सांगलीत ज्यांनी इंटरनेटचं दुकान थाटलं, ज्यांच्या खुर्चीत बसून तुम्ही परदेशातले डबे मागवलेत, त्या शुभाताईंनी मला माणसांत ठेवलं. त्या नसत्या तर मी आज राजकोटला पॅटर्न घासत नसतो, कुठल्यातरी ढाब्यावर तोंड लपवून कपबश्या विसळत असतो.

तुम्ही गेल्याचंही त्यांनीच कळवलं. इथल्या कॅफेत रविवारी मेल उघडली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, दोनच ओळी. अण्णा मंगळवारी गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकू सावरल्या आहेत. मी ते दोनदा वाचलं. मागे उभा असलेला माणूस गुजरातीत विचारत होता, खुर्ची सोडताय का. सोडली. रस्त्यावर आलो आणि पहिला विचार काय आला सांगू? रडू नाही आलं. मनात आलं, म्हणजे हे आता राहिलंच.

काय राहिलं ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी तुम्ही सगळ्या शॉपसमोर मला चोर म्हणालात. मी चोर नव्हतो हे आठ दिवसांत कळलं, तुमच्या डोळ्यांदेखत कळलं. तरी तो शब्द तुम्ही परत घेतला नाहीत. मला दुसरं काही नको होतं. ज्या माणसांसमोर बोललात त्यांच्याचसमोर एकदा "तान्या, माझं चुकलं" म्हणायचं होतं. तीन शब्द. मी त्यांची वाट सांगलीत पाहिली, इथं येऊनही पाहिली. आणि तुम्ही जेवून आडवे झालात.

पाटणच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आठवी अर्धी टाकून मी कुपवाडला तुमच्या शॉपमध्ये आलो. फाउंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत जो लाकडी नमुना दाबतात, तो पॅटर्न. ते करणं हे तुमचं काम, मग माझंही झालं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात कानस दिली आणि म्हणालात, "आठवीतनं पळालास तसा ह्या लाकडातनं पळू नको. तितं मास्तर हुता. हितं मी हाय."

तुम्ही होतात, हे खरंच. पटाशी माझ्या तळहातात घुसली तेव्हा रिक्षानं मिरजेला दवाखान्यात नेलंत. टाके घालताना माझं डोकं तुमच्या पोटाशी दाबून धरलंत आणि डॉक्टरांना शिव्या घातल्यात. ड्रॉइंग वाचायला तुम्ही शिकवलंत, सागवानाचा वास आणि शिवणीचा वास वेगळा कसा तेही. काकूंनी नऊ वर्षं मला जेवायला घातलं. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर हा राग इतका टिकलाच नसता. परक्या माणसाचं बोलणं कोण इतकं धरून बसतं?

आणि तुम्हीच माझ्या खिशात पट्टी घातलीत. पॅटर्नवाल्याची पट्टी साध्या पट्टीसारखी नसते. रसरशीत लोखंड थिजताना आटतं, शंभराला एक. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला आकडेमोड नको म्हणून आमची पट्टीच लांब आखलेली असते. दिसायला तुमच्या-आमच्या घरातल्या पट्टीसारखी, पण तिचा प्रत्येक सेंटिमीटर केसभर जास्त. श्रिंकेजची पट्टी. आपल्या शॉपमध्ये दुसरी पट्टीच नव्हती. पट्टी म्हणजे ती.

तुमच्या वेडाबद्दल लिहू का? तुम्ही फौजेत वर्कशॉपला होतात. लढणारा रणगाडा चिखलात रुतला, बिघडला की त्याला ओढून आणणारा दुसरा रणगाडा असतो. त्याला तोफ नसते, आकडा आणि साखळदंड असतो. त्याच्या पोटात तुमची अकरा वर्षं गेली. "मेलेल्याला वडून आणतंय ते. त्याचा फोटू कोण काढत न्हाई," असं तुम्ही म्हणायचात. तो रणगाडा लहान करून टेबलावर ठेवायचा, एवढंच तुमचं म्हातारपणचं मागणं. मुंबईच्या दुकानांत तोफवाले सगळे मिळायचे, हा नाही. मग कुणीतरी तुम्हाला शुभाताईंच्या दुकानाचं सांगितलं.

इंटरनेट सांगलीत येऊन वर्षही झालं नसेल. चपला बाहेर काढून आत जायचं, मॉडेमची किरकिर ऐकत बसायचं. एक चित्र वरून खाली उतरेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तुमचा रणगाडा पडद्यावर उतरत होता, आधी वरची झाकणं, मग अंग, मग पट्टे. तुम्ही खुर्चीच्या कडेवर सरकत सरकत म्हणालात, "आवं ताई, त्याला म्हणा, आकडा दाव की मर्दा!"

शुभाताई हसल्या. "अण्णा, तो फोटो आहे. त्याला ऐकू येत नाही."

"मग पैसं कुणाला ऐकू जायचं?"

ते मात्र बरोबर ऐकू गेले. बँकेतून परदेशी ड्राफ्ट काढून पाठवला आणि दोन महिन्यांनी डबा आला, सुटे भाग जोडून रणगाडा करायचा असा. अंगाला बुडबुड्यांची भोकं, रिव्हेट्स चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत, डब्यावर करणाऱ्याचं नाव नाही. तुम्ही पहिल्या नजरेतच ओळखलंत. कुणाचा तरी अस्सल डबा घ्यायचा, त्याच्या भागांवरून रबराचा साचा काढायचा आणि त्यात पातळ प्लास्टिक ओतून विकायचं. अशी नक्कल अस्सलापेक्षा आखूड भरते, कारण दुसऱ्यांदा ओतलं की दुसऱ्यांदा आटतं. हे जगात कुणाला कळलं नसतं, पण पॅटर्नवाल्याला कळणारच. "ओतकामवाल्याला वतूनच फशिवलं," असं म्हणत तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

तेव्हा आपलं भांडण झालं होतं. ते अजून अर्धंच आहे. मी म्हणालो, "अण्णा, आपण तरी काय करतो? नमुन्यावरनंच शंभर नग काढतो की. मग नकली म्हंजी काय?"

तुम्ही कानस खाली ठेवलीत. "ज्यानं पैला नमुना घासला त्याच्या बोटाला फोड आला. नकलीवाल्याच्या बोटाला काय आलं? सांग की, आलं काय?"

मी परत कानस उचलली. उत्तर आज देतो. दुसऱ्याच्या फोडाची एवढी कदर असणाऱ्या माणसाला नऊ वर्षं शेजारी बसून घासणाऱ्याच्या बोटांवर विश्वास ठेवता आला नाही. हे कसलं कदर करणं? बोला की आता.

दुसऱ्या वेळी शुभाताईंनी घाई करू दिली नाही. फोटो इंटरनेटवरच्या दुसऱ्याच कुणाच्या पानावरून उचललाय का ते शोधलं. किंमत फार कमी असेल तर सोडून द्यायचं ठरवलं. आणि एक युक्ती काढली, जी मी कधी विसरणार नाही. विकणाऱ्याला असा प्रश्न विचारायचा की त्याला डबा उघडावाच लागेल. मागच्या पत्र्यावर रिव्हेट्स किती? एकानं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, सगळे भाग उत्तम आहेत. तिसरा इंग्लंडमधला एक म्हातारा. त्यानं मोजून आकडा कळवला, वर लिहिलं की डावीकडचा एक रिव्हेट अर्धाच उठलाय, चालेल का? तुम्ही टेबलावर हात आपटलात. "ह्यो आपला माणूस!"

त्याच माणसाला पुढं शुभाताईंकरवी काय काय लिहिलंत तुम्ही.

डबा आला त्या दिवशी तुम्ही मलाच सांगलीच्या पोस्टात पाठवलंत. कस्टमवाल्यांनी तपासायला उघडून परत चिकटवलेला होता, त्यांची चिकटपट्टी वेगळी, जुनी वेगळी. तो घेऊन मी सरळ शॉपला आलो नाही. इथं माझं चुकलं, लिहून देतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं मिरजेला. वाडीतून तिला एकटा चुलता घेऊन आला होता. मी आदल्या दिवशी सुट्टी मागितली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, "डोळा डॉक्टर बघतोय, तू तितं जाऊन काय बघनार?" म्हणून न विचारता गेलो.

आईच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्यानं डब्याकडे बघून म्हणाली, "ह्यात काय हाय रं?"

"रणगाडा हाय."

"येवढ्याशा डब्यात?" मग हात फिरवून बघितला. "तुझ्या मालकाचं डोस्कं बरं हाय न्हवं?"

दीड तास बसलो. परत आलो तेव्हा तुम्ही दारातच. उशीर का, विचारलंत. पोस्टात रांग होती, असं मी म्हणालो. सुट्टी नाकारलेल्या माणसाला दुसरं काय सुचतं? भीतीनं बोललो. तुमच्यासमोर मी कायम भीतीनंच बोललो.

डबा उघडलात. रिव्हेट्स टोकदार, भोक एक नाही, डावीकडचा रिव्हेट अर्धा. काकूंना हाक मारून दाखवलात. आणि मग सवयीनं खिशातली पट्टी काढून अंगाला लावलीत. म्हाताऱ्यानं पानावर लांबी लिहिली होती दोनशे दोन मिलिमीटर. पट्टीवर भरलं दोनशे.

तुमचा चेहरा मी बघत होतो. "आटलंय," तुम्ही म्हणालात. माझ्याबरोबर घासणाऱ्या बाळूनं त्याच्या पट्टीनं मोजलं. दोनशे. मी माझ्या पट्टीनं मोजलं. दोनशे. मलाही वाटलं की हा नकलीच आहे. कुणी बदलला, हे कळेना एवढंच. तीन माणसं, तीन पट्ट्या, आणि तिघांच्याही डोक्यात आलं नाही की आपण श्रिंकेजच्या पट्टीनं तयार माल मोजतोय. तीच सवय हाताला, दुसरी पट्टी हातात कधी घेतलीच नव्हती.

"रांग हुती व्हय?" तुम्ही म्हणालात. "बाळ्या, सकाळी तूच पोस्टात गेलतास न्हवं? हुती रांग?"

बाळू बिचारा खाली बघत म्हणाला, "न्हवती."

मग मी मिरजेचं सांगितलं. आता सांगून काय उपयोग होता? एक खोटं उघडं पडलं की पुढचं खरंही खोट्याच्याच रांगेत उभं राहतं. तुम्ही चिकटपट्टीवर बोट ठेवलंत. "उघडून बदललास. अस्सल कुनाला विकलास? चोर हाय ह्यो. नऊ वर्सं घरात चोर पाळला मी."

सातजण होते तेव्हा शॉपमध्ये. मला सगळ्यांचे चेहरे पाठ आहेत.

मला काढलं नाहीत, त्याचं कारणही सांगितलंत, "डबा वसूल झाल्याबिगर सोडनार न्हाई." बाळूला माझ्या पेटीची झडती घ्यायला लावलीत. त्यात आईसाठी घेतलेला काळा चष्मा निघाला. तो पाहून तरी काही म्हणायचं होतंत. संध्याकाळी काकूंनी ताट वाढलं ते न बोलता. मी ताट तसंच ठेवून उठलो.

तेवढ्यावर थांबला नाहीत. त्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाहीत. कोण बेइमान, तो की मी, हे पक्कं करायला तुम्ही शुभाताईंच्या दुकानात जाऊन मेल सांगितलीत, "तुम्ही नकली माल विकता, तुम्ही चोर आहात." शुभाताई म्हणाल्या, "अण्णा, ही माझ्या नावानं जाते." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे की." तुम्हाला दुसऱ्याचं नाव म्हणजे लाकडाचा तुकडा वाटायचा, कानस मारली तरी चालेल असा.

आठव्या दिवशी त्याचं उत्तर आलं. ते वाचायला शुभाताईंनी तुम्हाला नाही, मला बोलावलं. त्यांनी मराठीत सांगितलं. डबा परत पाठवा, पैसे परत देतो. पण पहिला नमुना मी माझ्या हातानं केलाय, माप चुकलेलं नाही. आपण कशानं मोजलंत?

"कशानं मोजलंत तुम्ही?" शुभाताईंनी मला विचारलं.

"पट्टीनं."

"बघू."

मी खिशातली काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या मुलीचं दप्तर बाजूला पडलं होतं. त्यांनी त्यातली प्लास्टिकची फूटपट्टी काढली, मागे पाढे छापलेली, आणि माझ्या पट्टीला चिकटवून ठेवली. शून्याला शून्य. मग वाकून बघत राहिल्या. "तानाजी, तुमचे वीस माझ्या विसापेक्षा लांब आहेत. तुमची पट्टी खोटी आहे."

अण्णा, त्या क्षणी मला कसं झालं ते मी तुम्हाला सांगणार होतो. हसावं की डोकं आपटावं. नऊ वर्षं ज्या पट्टीवर जेवलो तीच. मी शुभाताईंना श्रिंकेज म्हणजे काय ते सांगायला लागलो आणि अर्ध्यावर माझा आवाज फुटला. त्यांनी मुलीला शेजारी ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं, लूना बाहेर काढली. "बसा मागं."

"ताई, मी चालत येतो."

"बसा म्हणते ना! लाजायचं नंतर."

कुपवाडच्या रस्त्यावर मी लूनाच्या मागे पाय वर धरून बसलो होतो, मांडीवर शाळेची फूटपट्टी. लोक बघत होते. बघू देत.

शॉपमध्ये परकी बाई कधी आली नव्हती. मशीन बंद झाली. त्यांनी तुम्हाला एक शब्द विचारला नाही. फूटपट्टी बाळूच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मोजा. मोठ्यानं वाचा." बाळूनं तुमच्याकडे बघितलं, मग रणगाड्याकडे. मोजलं. परत मोजलं. "दोनशे... दोनशे दोन."

तुम्ही ती पट्टी हातात घेतलीत. उलटी केलीत. मागचे पाढे वाचलेत. "ही पोरांची पट्टी हाय."

"पोरांचीच आहे," शुभाताई म्हणाल्या. "म्हणूनच खरी आहे."

मशीन अजून बंदच होती. तेवढ्यात तुमचे ते तीन शब्द मावले असते. मी हात पुसून उभा होतो, ऐकायला. तुम्ही पट्टी परत दिलीत आणि म्हणालात, "कामं करा रं. उद्या माल द्यायचाय."

बास. एवढंच. त्यानंतर मी पंधरा दिवस थांबलो. तुम्ही मला पहिल्यासारखी हाक मारायला लागलात, काम सांगायला लागलात, जसं काही झालंच नव्हतं. ते मला जास्त लागलं. मी राजकोटचं काम बघितलं आणि निघालो. तुम्ही दारात आला नाहीत. काकूंनी दशम्या बांधून दिल्या.

म्हाताऱ्याला माफीची मेल शुभाताईंनीच लिहिली. चूक आमची, पट्टी आमची. जे त्यांनी केलं नव्हतं त्याची माफी त्यांनी मागितली, कारण तुम्हाला मागता येत नव्हती. आणि उन्हाळ्यात त्यांच्या दुकानाची जागा गेली. जागा तुमच्या मावसभावाची. भाडेपट्टा पुढे वाढवला नाही त्यानं, कारण सांगितलं नाही. ते तुम्ही करवलंत का, अण्णा? शुभाताई म्हणतात, नसेल, उगाच मेल्या माणसावर आळ घेऊ नका. मला कळत नाही. विचारायचं होतं. आता कुणाला विचारू? नसेल केलं तर माझा राग फुकट गेला आणि केलं असेल तर कमी पडला. असं मधेच लटकवून गेलात.

परवा काकूंनी पाठवलेलं पार्सल मिळालं. शुभाताईंनीच बांधलंय, गाठीवरून कळलं. आत तुमची पट्टी. जुनी, खिशातली. तिच्या दोन्ही टोकांना लाल रंग लावलेला, बोटभर, नीट हातानं. तो रंग मी ओळखला. रणगाड्याच्या मागच्या दिव्यांसाठी मागवलेली ती इवलीशी बाटली. दिवे तसेच राहिले असणार.

बाळूला फोन केला. तो म्हणाला, "व्हय, तू गेल्यावर अण्णांनी शॉपमधल्या सगळ्या पट्ट्यांना लाल मारला. आनि येक साधी पट्टी आनून भिंतीवर टांगली. का, ते न्हाई सांगितलं. आमी न्हाई इचारलं."

सगळ्या पट्ट्या, अण्णा. एकेक घेऊन बसला असाल, चष्मा नाकावर, बाटलीत काडी बुडवत. तेवढ्या वेळात शंभर वेळा म्हणून झालं असतं. पट्ट्यांना सांगितलंत, मला नाही. त्या लाल रंगावरून मी कितीदा अंगठा फिरवला, हे खरं आहे, आणि तरी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हेही खरं. दोन्ही राहू देत. पट्टी खिशात आहे. काम तिनंच करतो. काम तुम्ही शिकवलेलं आहे, त्याला मी नाही म्हणणार नाही.

पण माझ्यावर देणं आहे ते तुमचं नाही, शुभाताईंचं. त्या आता घराच्या पडवीत दोन कॉम्प्युटर लावून बसतात. लोक म्हणतात दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. त्या म्हणतात, पडले तर पडले, पुन्हा चालू करू. बाहेर पाटी नाही, पुठ्ठ्यावर नाव लिहून अडकवलंय. ताई, तुम्ही हे वाचाल म्हणून इथंच लिहून ठेवतो. एक दिवस मी सांगलीला येईन आणि तुमच्या दारावर सागवानाची पाटी लावीन. अक्षर न् अक्षर कोरलेलं, उठावाचं, शंभर वर्षं टिकेल असं. दाराचं माप घ्यायला स्वतः येईन, आणि तुमच्या मुलीची फूटपट्टी मागून घेईन.